मुंबईचा दगड तोडला की परत उगवत नाही

कातळवेडी | ७ ऑक्टोबर, रात्री ९:१०

काल ६ ऑक्टोबर, म्हणजे भूविविधता दिवस. युनेस्कोनं २०२१ साली हा दिवस ठरवला. मी तो अंधेरीला गिल्बर्ट हिलच्या पायथ्याशी घालवला. तिथून आल्यापासून जे डोक्यात घोळतंय ते लिहून काढतेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

भूविविधता म्हणजे जमिनीची विविधता. दगडांचे प्रकार, त्यांतली खनिजं, जीवाश्म, माती, आणि पाण्यानं-वाऱ्यानं घडवलेले डोंगर, खाड्या, पुळणी, खाजणं, सगळंच त्यात आलं. आपण फ्लेमिंगो मोजतो, बिबटे मोजतो, फुलपाखरं मोजतो. मोजायलाच हवीत. पण हे सगळे ज्याच्यावर उभे आहेत ते किती प्रकारचं आहे, हे मुंबईत जन्म काढलेल्या माणसाला विचारलं तर "काळा दगड" एवढंच उत्तर मिळतं. चार वर्षांपूर्वी मीही तेच दिलं असतं.

गिल्बर्ट हिल ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. अंधेरी पश्चिमेला दाटीवाटीच्या वस्तीतून एक काळा सुळका वर आलाय, साधारण २०० फूट उंच. वर गावदेवीचं देऊळ, तिथे जायला दगडात पायऱ्या. खालून बघितलं की उभ्या वाशांची मोळी बांधून ठेवल्यासारखे खांबच खांब दिसतात. ते कुणी कोरलेले नाहीत. तापलेला लाव्हा साचला, अगदी सावकाश थंड होत गेला, थंड होताना आकसला आणि आकसताना तडकला. उन्हाळ्यात तळ्याचा चिखल भेगाळतो तसाच, फक्त इथे भेगा खोलवर उभ्या गेल्या आणि पाच-सहा बाजूंचे खांब सुटे झाले.

काल मी एका खांबाला हात लावून उभी होते. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, ऊन केव्हाच गेलं होतं, पण दगड तव्यासारखा कोमट होता. शेजारच्या घरातल्या मावशी म्हणाल्या, "रात्री अकरापर्यंत असाच असतो. पावसाळ्यात कपडे त्याच्या अंगालाच टाकते मी." दोन खांबांच्या फटीत खिळा ठोकून त्यांनी दोरी बांधली होती. फटीत पिंपळाचं बोटभर रोप होतं आणि त्याच्या मुळाशी दगडाचा पापुद्रा सुटत होता. २००७ साली ही टेकडी महापालिकेच्या वारसा यादीत दुसऱ्या श्रेणीत आली. पण तिथे उभं राहिलं तर ती यादी कुठे दिसत नाही, फक्त दोरी दिसते. मावशींना मी दोष देत नाहीये. त्यांना कुणी कधी सांगितलंच नाही की त्यांच्या न्हाणीघराची मागची भिंत बघायला लोकांनी जगभरातून यायला हवं.

आता मुद्द्याचं. सह्याद्रीत शेकडो किलोमीटर गेलात तरी एकावर एक आडवे थर, बहुतेक सगळा बेसॉल्ट, म्हणजे लाव्ह्याचा काळा दगड. मुंबईत तसं नाही. अंधेरीला काळा खांबांचा बेसॉल्ट. मालाडकडे पिवळसर, खरबरीत ट्रॅकाइट. पुढे उत्तन-डोंगरीला त्याहून फिकट ऱ्हायोलाइट. कान्हेरीला ज्वालामुखीतून उडालेले तुकडे आणि राख घट्ट होऊन बनलेला दगड. वरळी-मलबार हिलच्या पोटात दोन लाव्ह्यांच्या मधे दबलेला गोड्या तळ्याचा गाळ. आणि कांदळवनात, खाडीकाठी परवा-परवाचा चिखल. लोकलच्या एका पासात बसेल एवढ्या अंतरात हे सगळं.

झाड तोडलं तर दुसरीकडे पाच लावू म्हणतात. ती जगतात की नाही हा वेगळा वाद, पण निदान तशी सोय तरी आहे. डोंगराचा कडा कापला तर त्याच्या बदल्यात काय लावणार? तो परत उगवत नाही. म्हणून मला वाटतं, या शहरात तोडण्याआधी सगळ्यात जास्त विचार दगडाच्या बाबतीत व्हायला हवा, आणि आज सगळ्यात कमी तिथेच होतो.

तुमच्या भागातला दगड, डोंगर, खडप (किनाऱ्याचा खडक), खाण, काहीही आठवत असेल तर लिहा. आता उरलं नसेल तर आधी लिहा.

---

पागोळी | ७ ऑक्टोबर, रात्री ९:४८

अंधेरीला सासर आहे, बावीस वर्षं त्या रस्त्यानं जातेय. एकदाही वर गेले नाही. या रविवारी जाते.

---

तळेगावचा_मन्या | ७ ऑक्टोबर, रात्री १०:३०

छान लिहिलंय ताई. हा सुळका ६.६ कोटी वर्षं जुना, डायनोसॉरच्या काळातला असं वाचलं होतं. ते घालायचं राहिलं का?

---

भूस्तर | ७ ऑक्टोबर, रात्री ११:१५

मन्या, ते जवळपास प्रत्येक लेखात येतं, पण तिथे एक गफलत आहे. भूशास्त्र शिकलोय म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दख्खनच्या ज्वालामुखीचा मुख्य भर ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. सह्याद्रीचे थर त्यातले. मुंबईचा बराचसा दगड मात्र त्यानंतरचा, उशिराच्या खेपेचा. गिल्बर्ट हिलच्या दगडाचं वय आर्गॉन पद्धतीनं काढून २००१ साली प्रसिद्ध झालं, ते निघालं ६.०५ कोटी वर्षं, म्हणजे थेट पन्नास-पंचावन्न लाख वर्षांचा फरक. हे खांब तडकत होते तेव्हा डायनोसॉर जाऊन पन्नास लाखांहून जास्त वर्षं झाली होती. मालाड-मनोरी-उत्तनकडचे ट्रॅकाइट आणि ऱ्हायोलाइटही याच उशिराच्या काळातले.

मला हे जास्त मोलाचं वाटतं. डायनोसॉरचा दगड म्हणून हा डोंगर मोठा नाही. सह्याद्री गप्प झाल्यावरही इथे जमीन धगधगत होती, याचा पुरावा म्हणून मोठा आहे. साधारण ६.३ कोटी वर्षांपूर्वी सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून सुटला. जमीन ताणली गेली, किनारा वाकला. म्हणून सह्याद्रीत जे थर आडवे दिसतात तेच पनवेलपासून अलीकडे समुद्राच्या बाजूला कललेले दिसतात. अरबी समुद्राचा हा काठ कसा तयार झाला ते मुंबईच्या दगडात लिहिलंय. तेच पान फाडलं तर दुसरी प्रत नाही.

कातळवेडी यांनी वरळीच्या गाळाचा उल्लेख केलाय. त्या थरात बेडकांचे जीवाश्म सापडले होते. १८४७ साली रिचर्ड ओवेन यांनी त्याचं वर्णन केलं. तोच ओवेन, ज्यानं 'डायनोसॉर' हा शब्द दिला. नाव ठेवलं राना पुसिला, म्हणजे चिमुकला बेडूक. आता त्याला इंडोबॅट्राकस म्हणतात. लाव्ह्याचा एक लोंढा येऊन गेला, मधे तळं साचलं, त्यात बेडूक, कासवं, झाडाझुडपांचा पालापाचोळा, आणि मग दुसरा लोंढा आला. वरळीच्या डोंगरावर आज ज्या इमारती आहेत त्यांच्या पायाखाली हे तळं आहे. जोगेश्वरीजवळच्या आंबोलीच्या खाणीतही असाच थर होता. तिथल्या एका कासवाच्या प्रजातीला मुंबईचे भूशास्त्रज्ञ सेठना यांचं नाव दिलंय.

---

कातळवेडी | ७ ऑक्टोबर, रात्री ११:३२

भूस्तर, मनापासून आभार. मी गेल्या वर्षी मुलांना घेऊन गेले होते तेव्हा डायनोसॉरचंच सांगितलं होतं. त्या सगळ्यांना पुन्हा सांगावं लागेल.

---

खडपातला | ८ ऑक्टोबर, सकाळी ६:५५

आम्ही कोळी. आमच्याकडे याला भूविविधता म्हणत नाहीत, पण आमची आई बाजारात निघाली की टोपलीत तीच असायची.

समजावून सांगतो. किनारा एक दिसतो तुम्हाला, आम्हाला तीन दिसतात. खडप, रेती आणि चिखल. खडपाला कालवं लागतात, कपारीत शेवंड बसते, ओहोटीला खळग्यात पाणी राहतं त्यात माशांची पिल्लं वाढतात. रेतीमिश्रित चिखलात तिसऱ्या. निव्वळ चिखलात, तिवरांच्या मुळात निवटे आणि चिंबोऱ्या. यातलं एक गेलं तर त्यावरचं जेवण गेलं, आणि ते विकणारी बाई घरी बसली. कालवं काढायला बायकाच जातात. जाळं नाही, होडी नाही, डिझेल नाही. खडप हेच त्यांचं भांडवल.

सागरी रस्त्याच्या (कोस्टल रोडच्या) भरावाला दगड टाकलेत ना, लोक म्हणतात तेही खडपच की. नाही. तो सुटा दगड, एकावर एक रचलेला. त्यात पाणी थांबत नाही, निथळून जातं. आमच्या खडपाला लाटेनं हजारो वर्षं कोरून खळगे केलेत, वाटीसारखे. ओहोटीला प्रत्येक वाटी भरलेली. त्या वाटीत जीव असतो. रचलेल्या दगडावर वरवर शेवाळ येईल, चार कालवंही येतील, पण वाटी कुठून आणणार? २०२० साली त्या पट्ट्यातल्या प्रवाळांच्या काही वसाहती उचलून दुसऱ्या खडपावर नेल्या, हे पेपरात आलं होतं. प्रवाळ उचलता येतं. खडप उचलता येत नाही.

वरळीला मच्छीमारांनी लावून धरलं म्हणून त्याच रस्त्याच्या पुलाच्या दोन खांबांमधलं अंतर ६० मीटरवरून १२० मीटर झालं. होड्या का अडकतात हे सांगायला खूप वेळ लागला. समुद्राखाली कुठे खडक आहे, पाणी तिथे कसं वळतं, हे आमच्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ. तेही ज्ञानच आहे. कुणी तरी लिहून ठेवा.

---

भूगोलाच्या_बाई | ८ ऑक्टोबर, दुपारी १:२०

खडपातला दादा, तुमचा प्रतिसाद मी उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे, परवानगी आहे ना? "किनाऱ्याचे प्रकार" हा धडा मी सतरा वर्षं शिकवतेय, आणि खडप-रेती-चिखल असं तीन टोपल्यांत कधी शिकवलं नाही.

---

खडपातला | ८ ऑक्टोबर, दुपारी २:०५

बाई, वाचा की. आईला सांगतो, तिला बरं वाटेल.

---

पाया_भरणी | ८ ऑक्टोबर, रात्री ८:४०

मी स्थापत्य अभियंता आहे, वेगळी बाजू मांडतो. वाईट वाटून घेऊ नका.

हे शहर डोंगर फोडूनच झालंय. सात बेटं होती, मधल्या खाड्या बुजवायला माती-दगड आला कुठून? इथल्याच टेकड्यांमधून. दक्षिण मुंबईतल्या डोंगरीची नवरोजी हिल खणली गेली, भर टाकली गेली. आज ज्या इमारतींना आपण वारसा म्हणतो त्या खाणींच्या पोटातून आल्या. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला मालाडचा पिवळा दगड आहे. त्याच नावाच्या वस्तुसंग्रहालयाला कुर्ल्याचा करडा बेसॉल्ट आणि मालाडचा पिवळसर ट्रॅकाइट. गेटवे ऑफ इंडिया १९२४ साली पुरा झाला, तो खारोडीच्या पिवळ्या दगडाचा. तेव्हा कुणी डोंगर वाचवा म्हटलं असतं तर यातलं काहीच नसतं.

आणि आज लाखो माणसांना घर हवंय. गिल्बर्ट हिलच्या पायथ्याच्या माणसांना उठवून तिथे कुंपण घालायचं का? मला तरी दगडापेक्षा माणूस मोठा वाटतो.

---

कातळवेडी | ८ ऑक्टोबर, रात्री ९:५५

वाईट कशाला वाटेल, हे बोलायलाच हवं होतं.

पहिली गोष्ट, कुणाला उठवा असं मी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. त्या मावशी तिथे आहेत म्हणून निदान कुणाचं तरी लक्ष आहे त्या दगडावर. त्यांच्यातल्याच पोरांना शिकवून वाटाडे करता येतील. शनिवार-रविवार दोन फेऱ्या लागल्या तरी चार घरं चालतील.

दुसरी गोष्ट, खाणींबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, आणि मी एक पाऊल पुढे जाते. खाण खणली नसती तर आतलं दिसलंच नसतं. आंबोलीचं कासव खाणीत मिळालं. कांदिवलीची खाण खनिजं जमवणाऱ्यांच्या जगात नावाजलेली होती, तिथली प्रेहनाइट, गायरोलाइट, ओकेनाइट परदेशातल्या संग्रहालयांत आहेत. ओकेनाइटचा एक तुकडा मी हातात घेतलाय. काळ्या दगडात लिंबाएवढी पोकळी, आणि आत पांढराशुभ्र केसाळ गोळा, सावरीच्या बोंडातला कापूस ठेवावा तसा. फुंकर घातली तर केस हलतील की काय असं वाटलं. देणारे काका ओरडले, "बोट लावू नका, केस मोडले की परत उभे राहत नाहीत."

म्हणून माझं मागणं छोटं आहे. सगळे डोंगर ठेवा म्हणत नाही. जिथे कापायचंच आहे तिथे आधी भूशास्त्राच्या माणसाला एक महिना द्या, काय निघालं ते नोंदू द्या. आणि कापून झाल्यावर वीस-पंचवीस मीटरचा एक कडा तरी उघडा ठेवा. त्यावर सिमेंटचा फवारा मारून तो झाकू नका. जिथे कडा खरंच धोकादायक आहे तिथे झाकावाच लागेल, ते मान्य. पण निम्म्या ठिकाणी तो सवयीनं मारला जातो, हे तुम्हालाही ठाऊक असेल.

---

पाया_भरणी | ८ ऑक्टोबर, रात्री १०:२०

निम्म्या ठिकाणी म्हणणार नाही, पण सवयीनं मारतात हे खरं आहे. निविदेत ओळ असते, मग मारायचा. कडा नीट तपासून, सैल दगड काढून, जाळी लावली तरी बऱ्याच जागी भागतं. जाळीतून दगड दिसतो. हे मी माझ्या पुढच्या कामात मांडून बघेन. अंमलबजावणीची खात्री देत नाही.

---

टेकडीच्या_पाठीमागे | ९ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

वाचनमात्र होतो, पण कड्याचा विषय निघाला म्हणून लिहितो.

आमची इमारत पूर्व उपनगरात डोंगराच्या पायथ्याला. नाव कुणाचं घेत नाही. इमारतीसाठी डोंगराची टाच उभी कापली आणि मागे भिंत बांधली. आम्हा राहणाऱ्यांना डोंगराचं काही कळत नव्हतं, उलट "मागे हिरवळ" म्हणून आम्ही जास्त पैसे मोजले. तिसऱ्या पावसाळ्यात भिंतीला पोट आलं. मी रोज सकाळी खडूनं रेघ मारायचो, रेघेची दोन टोकं जुळतात का ते बघायला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ती बोटभर सरकली.

नंतर एक जाणकार आले, त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं. खाली पक्का खडक, त्यावर सात-आठ फूट मुरूम. पाऊस मुरमात शिरतो, खाली खडक त्याला पुढे जाऊ देत नाही, मग तो खडकाच्या पाठीवरून उताराला सरकतो. मुरूम साबणासारखा होतो. टाच कापलेली, त्यामुळे अडवायला काही नाही. आणि भिंतीला पाणी जायला भोकंच ठेवली नव्हती. सगळं पाणी मागे तुंबून भिंत ढकलत होतं. आम्ही पहिले चार मजले रिकामे केले, भोकं पाडून घेतली. पहिल्या भोकातून पाण्याचा जो फवारा सुटला तो दहा फूट लांब पडला. दीड दिवस वाहत होता.

भिंत राहिली, माणसं वाचली. पण हे जुजबी ज्ञान, म्हणजे खाली काय, वर काय आणि पाणी कुठून जातं, हे घर घेताना कुणी सांगितलं असतं तर? दगडापेक्षा माणूस मोठा, हे बरोबरच आहे. माझं म्हणणं इतकंच की दगड ओळखला नाही तर माणूसही वाचत नाही.

---

पागोळी | ९ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

वाचून अंगावर काटा आला. आता सगळे ठीक आहेत ना?

---

टेकडीच्या_पाठीमागे | ९ ऑक्टोबर, सकाळी ८:२५

हो ताई, ठीक. खडूची रेघ अजून मारतो.

---

विहारकाठ | ९ ऑक्टोबर, रात्री ९:३०

पाण्याचा विषय आलाच आहे तर कान्हेरीला चला. शंभराहून जास्त लेणी, आणि जवळपास प्रत्येक लेण्याच्या दाराशी पाण्याचं टाकं. शिलालेखांत त्याला पोढी म्हटलंय. भिक्खूंनी डोंगराच्या पाठीवर बारीक पाट कोरून पावसाचं पाणी टाक्यात उतरवलं. पाऊस पडत असताना जाऊन बघा, दोन हजार वर्षांपूर्वीचे पाट आजही काम करतात. असा दगड हवा जो कोरायला फार कडक नाही, पण पाणी धरेल इतका घट्ट आहे. तो तिथे होता म्हणून लेणी तिथे झाली.

त्याच डोंगररांगेत इंग्रजांनी १८६० साली विहार आणि १८७९ साली तुळशी तलाव बांधला. मुंबईचं नळाचं पाणी विहारपासून सुरू झालं. दरी होती, तिला तळ होता, आजूबाजूला जंगल होतं, म्हणून धरण झालं. तिथूनच खाली मिठी निघते, पवईचं पाणी घेते आणि माहीमच्या खाडीला जाते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मी त्या रात्री कुर्ल्यात एका बसच्या टपावर होतो. पाण्याला कुठे जायचं ते माहीत होतं, ते आपल्या जुन्या वाटेनंच चाललं होतं. वाटेत आम्ही होतो.

खाजणं आणि मिठागरं या सखल जागा. भरतीचं आणि पावसाचं पाणी एकाच वेळी आलं की ते थांबायला तीच अंगणं. डोंगराइतकंच मोल त्या सपाट चिखलाचंही आहे, पण सपाट जागा रिकामी दिसते म्हणून तिच्यावर सगळ्यांचा डोळा.

---

जुनी_पेठ | १० ऑक्टोबर, दुपारी ४:१५

नावांत अजून सगळं शिल्लक आहे. डोंगरी, उमरखाडी, पायधुणी. डोंगर गेला, खाडी गेली, पाय धुवायचं पाणी गेलं, नाव राहिलं. माझ्या पणजोबांचं बिऱ्हाड डोंगरीत होतं.

अजून एक. १८७० च्या दशकाच्या शेवटी प्रिन्सेस डॉक खणताना भरतीच्या पातळीच्या खूप खाली, चिखलात, खैराची झाडं सापडली. साडेतीनशेहून जास्त, त्यातली बरीचशी उभीच, मुळांसकट. म्हणजे तिथे कधी काळी कोरडी जमीन आणि जंगल होतं, ते समुद्राखाली गेलं. समुद्र वर येतो की नाही याची चर्चा आज होते. त्याचं उत्तर मुंबईच्या तळाशी उभं होतं. त्यावरच गोदी बांधली.

---

सातासमुद्रापार | १० ऑक्टोबर, रात्री ११:४०

हाँगकाँगहून लिहितेय. इथे आठ वर्षं आहे. दाटीत हे शहर मुंबईला हार जाणार नाही, आणि इथेही गिल्बर्ट हिलसारखे खांब आहेत, साईकुंगच्या किनाऱ्याला. साधारण १४ कोटी वर्षं जुने, आणि काळे नाहीत, फिकट पिवळसर-तपकिरी, कारण तो दगड ऱ्हायोलाइटच्या जातीचा, राखेतून झालेला.

पाया_भरणी यांच्यासाठी मुद्दाम सांगते. इथले सगळ्यात सुंदर खांब १९७० च्या दशकात एका मोठ्या जलाशयाचं धरण बांधताना उघडे पडले. धरण झालं, पाणीही मिळालं. पण कापलेला कडा तसाच ठेवला. आज तिथे धरणाच्या शेजारून लाकडी वाट आहे, एका ठिकाणी खांब इंग्रजी एस अक्षरासारखे वाकलेत, लोक तिथे हात लावून उभे राहतात. २०११ पासून तो सगळा भाग जागतिक भूउद्यानांच्या (जिओपार्कच्या) जाळ्यात आहे. बांधकाम आणि दगड एकाच जागी नांदतात, ते मी दर हिवाळ्यात बघते. भारतात अजून एकही युनेस्को भूउद्यान नाही.

मला तिथे गेलं की अंधेरी आठवते. माझी शाळा गिल्बर्ट हिलपासून दहा मिनिटांवर होती. आम्हाला एकदाही नेलं नाही.

---

भूस्तर | ११ ऑक्टोबर, सकाळी १०:०५

कायद्याचं थोडक्यात. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या खाण मंत्रालयानं भूवारसा स्थळांच्या जतनाच्या विधेयकाचा मसुदा लोकांसमोर ठेवला होता. पुरातन देवळाला जसं कायद्याचं संरक्षण आहे तसं दगडाला, जीवाश्माला मिळावं हा हेतू. मसुद्यावर भूशास्त्रज्ञांचे आक्षेपही होते, पण विषय निदान टेबलावर आला. आपल्या हातात आहे ते म्हणजे यादी. कुठे काय अजून उघडं आहे, तिथे पोचता येतं का, धोका कसला आहे. यादी असेल तर मागायला जाता येतं.

---

कातळवेडी | ११ ऑक्टोबर, रात्री ९:००

यादी मी सुरू करते, पण बसून नाही, फिरून. पहिली फेरी वांद्र्याच्या खडपावर. खडपातला दादा, ओहोटी कधीची धरायची?

---

खडपातला | १२ ऑक्टोबर, सकाळी ५:४०

पौर्णिमा किंवा अमावास्या धरा. त्या दिवशी मुंबईत भरती दुपारी बाराच्या पुढे-मागे, म्हणजे ओहोटी सकाळी सहाच्या सुमारास. उधाणाची ओहोटी, पाणी लांब जातं, एरवी न दिसणारं खडप उघडं पडतं. भांगाच्या, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं त्या दिवसात काही दिसणार नाही. पाच वाजता उतरा, साडेसातला बाहेर. पाणी वळलं की गप्पा मारत उभं राहायचं नाही. शेवाळ हिरवं असतं तिथे पाय टाकू नका, कालवांवर टाका, धार लागते पण सरकत नाही, तळवा जाड रबराचा हवा. दगड उलटा केलात तर परत तसाच ठेवा, खाली कुणाचं तरी घर असतं. मी येतो. आईलाही आणतो.

---

भूगोलाच्या_बाई | १२ ऑक्टोबर, दुपारी १:४५

मी आणि सहावीची अकरा मुलं. पालकांची पत्रं घेतेय.

---

पागोळी | १२ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:२०

आज गेले गिल्बर्ट हिलला, सासूबाईंसोबत. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा म्हणे खालून पूर्ण डोंगर दिसायचा, आजूबाजूला खाण होती आणि सुरुंगाच्या वेळी भोंगा वाजायचा. भोंगा वाजला की स्वयंपाकघरातली भांडी खाली काढून ठेवायची. बावीस वर्षांत हे त्या पहिल्यांदाच बोलल्या.

---

जुनी_पेठ | १३ ऑक्टोबर, रात्री १०:५०

कातळवेडी ताई, "उरलं नसेल तर आधी लिहा" म्हणाला होतात. आज कपाट आवरताना वडिलांचा फोटो मिळाला. ते मुकादम होते एका खाणीवर, कांदिवलीकडे. खाणीच्या काठावर उभे आहेत, हातात छत्री, पायात टायरच्या चपला. मागे कापलेला कडा, पार वरपर्यंत. काळ्या दगडात मधेच एक पांढुरकी तिरकी रेघ आहे, वडिलांच्या खांद्यामागून निघून छत्रीच्या टोकापर्यंत जाते. फोटोच्या मागे शाईनं "मे १९७४" एवढंच. तो कडा आता नाही, तिथे इमारती आहेत. फोटोचा उपयोग होईल का?

---

भूस्तर | १३ ऑक्टोबर, रात्री ११:०२

काका, खूप होईल. मोबाईलनं काढू नका, स्कॅन करून घ्या. ती रेघ किती तिरकी आहे ते मोजता येईल. वडिलांची उंची साधारण किती होती? त्यावरून कड्याची काढता येईल.

---

जुनी_पेठ | १३ ऑक्टोबर, रात्री ११:१०

पाच फूट चार इंच. उद्या स्कॅन करून टाकतो.